बुडबुडे, दिवा आणि एप्रिलचे ऊन

प्रश्न : हायड्रिला या पाणवनस्पतीवर दिव्याचा प्रकाश पाडून प्रकाशसंश्लेषणात सुटणारे ऑक्सिजनचे बुडबुडे मोजण्याच्या प्रयोगात दिवा १० सेंमीवरून २० सेंमीवर नेला, तेव्हा बुडबुडे निम्मे होतील असे वाटले होते, ते त्याहून पुष्कळ कमी झाले. माझे काय चुकले? (दहावीतील विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : तुझी मोजणी बरोबर आहे, अपेक्षा तेवढी चुकली. अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रफळावर पसरतो, म्हणून वनस्पतीच्या वाट्याला निम्मा नव्हे, चौथा हिस्सा येतो. ३० सेंमीवर तर नववा. दिवा अगदी जवळ आणल्यावर मात्र बुडबुडे वाढायचे थांबतील, कारण प्रकाश मुबलक झाला की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड अपुरा पडू लागतो. जो घटक सर्वांत तुटपुंजा, तोच वेग ठरवतो, हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडले. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवून, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा वाढवून, हे स्वतः पडताळून बघ.

आणखी एक सांगतो. कापलेल्या देठातून कधी मोहरीएवढा, तर कधी टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा सुटतो आणि मोजताना दोन्ही एकच धरले जातात. म्हणून उपड्या परीक्षानळीत ठरावीक वेळात साठलेल्या वायूची उंची मोजणे मला अधिक भरवशाचे वाटते. दिवा हलवल्यावर पाच मिनिटे थांबूनच मोजायला सुरुवात करावी.

प्रश्न : एप्रिलमध्ये आमच्या प्रयोगशाळेत दिवा न लावताही चंचुपात्रात (बीकरमध्ये) बुडबुडे दिसतात. असे का? (विज्ञान शिक्षक, सोलापूर)

उत्तर : पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि काचेला बुडबुडे चिकटतात; त्यांचा प्रकाशसंश्लेषणाशी संबंध नाही. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही गफलत हमखास होते. त्यासाठी वनस्पती नसलेले दुसरे चंचुपात्र शेजारी ठेवावे, दोन्हींत तापमापी बुडवावी आणि तारेच्या बल्बऐवजी एलईडी दिवा वापरावा, कारण जुना बल्ब पाणीही तापवतो आणि मग वेग प्रकाशामुळे वाढला की उष्णतेमुळे, हे सांगता येत नाही.

प्रश्न : जास्त उन्हाचा पिकाला जास्त फायदा होतो का? (शेतकरी, मंगळवेढा)

उत्तर : ज्वारीचे पान कार्बन डायऑक्साइड एकवटून वापरते, त्यामुळे कडक उन्हाचाही ते चांगला उपयोग करून घेते, डाळिंबाच्या पानाची मर्यादा त्याआधीच गाठली जाते. मात्र जमिनीत ओल नसेल, तर दुपारी दोन्ही पिके पानांची छिद्रे मिटून घेतात आणि ऊन भरपूर असूनही काम मंदावते.