पहिली बीएस-६ बस घेताना

पहिलीच बस घेतोयस म्हणून सांगतो. १ एप्रिल २०२० पासून देशात गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेले. जड डिझेल इंजिनाची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा स्थिर चाचणीत किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४ वर उतरली. ती गाठायलाच युरियाची वेगळी टाकी असते. द्रावणात युरिया ३२.५ टक्के, बाकी शुद्ध पाणी. शेतातला युरिया कालवून ओतू नकोस. माझ्या एका गाडीचा कॅटॅलिस्ट, म्हणजे युरियाच्या मदतीने धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोडणारा भाग, त्यानेच गेला. युरिया न टाकताही सगळं ठीक आहे असं भासवून सेन्सर फसवणारी पेटी तर बसवूच नकोस, थांब्यावरची पोरं तोच धूर ओढतात. आणि गाडी शहरातच फिरणार असेल, तर डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचते. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की टाळाटाळ न करता हायवेवर एक फेरी मार, म्हणजे ती जळून जाईल.