साध्या स्ट्रॅटवर क्वीनच्या ब्रायन मेसारखा टोन कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की स्ट्रॅट टाइप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखी इलेक्ट्रिक) गिटार आहे, एक मल्टिइफेक्ट (बरेच इफेक्ट आणि अँपची मॉडेलं असलेला डबा) आहे, पण डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) कितीही वाढवलं तरी क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मेसारखा आवाज येत नाही, नुसता गढूळ होतो. माझंही बरेच महिने हेच चाललेलं.

पहिलं म्हणजे ते डिस्टॉर्शन बंद करा. खरंच बंद करा. त्याच्या त्या गाणाऱ्या टोनमध्ये डिस्टॉर्शन पेडल नाहीच, व्हॉक्स एसी३० अँप आहे, नॉर्मल चॅनल, व्हॉल्यूम पूर्ण फिरवलेला, आणि त्याच्या आधी ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर वाढवणारा छोटा डबा. नाव ऐकून वाटतं आवाज चिरका होईल, पण होतं उलटंच. बूस्टर बास कापून वरचा भाग जोरात अँपमध्ये ढकलतो, त्यामुळे अँपचा आवाज फाटतो तो मिड-ट्रेबलवर (मधल्या-वरच्या सुरांवर), खालचा बास मध्ये येऊन चिखल करत नाही.

खरा एसी३० फ्लॅटमध्ये फुल्ल वाजवलात तर सोसायटीची मीटिंग बसेल, त्यामुळे मल्टिइफेक्टमधलं मॉडेलच बरं. त्यात टॉप बूस्टवालं (एसी३०चं दुसरं, जास्त चमकदार चॅनल) घेऊ नका, नॉर्मल चॅनलवालं असेल तर ते घ्या. ट्रेबल बूस्टर नसेल तर अँपच्या आधी (नंतर नाही!) ईक्यू (बास-ट्रेबल कमीजास्त करणारा इफेक्ट) लावून बास उतरवा, वरचं चढवा. आणि मग गेन (आवाज किती फाटतो ते) गिटारच्या व्हॉल्यूम नॉबनं सांभाळायचा, सोलोला १०, कॉर्ड्सना ६-७, अजून खाली आणला की जवळजवळ क्लीन. मे सगळं ह्या एका नॉबवर करतो.

आता गिटार. त्याची रेड स्पेशल त्यानं १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच बनवली, नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, ट्रेमोलोच्या (सूर हलवणाऱ्या दांड्याच्या) स्प्रिंगा मोटरसायकलच्या, म्हणजे तंतोतंत तोच आवाज विसरा. पण एक गोष्ट जमते. त्याचे तिन्ही पिकअप (तारांखालचे, आवाज पकडणारे चुंबक-कॉइल) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडलेत, स्ट्रॅटवर दोन पिकअप एकत्र घेतले की ते पॅरलल (शेजारी-शेजारी जोडलेले) असतात, म्हणून तो पातळ, टणटण आवाज येतो. ब्रिज आणि मिडल सिरीजमध्ये करून घ्या, आवाज जाड होतो आणि मिड पुढे येतो. सोल्डरिंग येणारा कोणीही थोड्या वेळात करून देईल, फक्त त्याला डायग्राम दाखवा, मी न दाखवता दिली होती आणि परत आली तेव्हा दोन पिकअप आउट ऑफ फेज (एकमेकांच्या उलट जोडलेले), आवाज नाकातून बोलल्यासारखा. (गंमत म्हणजे मेच्या गिटारला त्यासाठी मुद्दाम स्विच आहेत, बोहेमियन रॅप्सडीच्या सोलोत तो आवाज आहे.)

राहिलं पिक. तो प्लास्टिकचं वापरत नाही, जुनं ब्रिटिश सिक्सपेन्सचं नाणं वापरतो. नाण्याच्या कडेला बारीक खाचा असतात, ते जरा तिरकं धरलं की तारेला घासून सुराच्या आधी बारीक ‘क्र्र’ होतं, तारेला समांतर धरलं की मऊ लागतं. घरातल्या जुन्या नाण्यांच्या डब्यात खाचावालं छोटं नाणं शोधा. स्टीलचं मात्र नको, माझ्या एका आठवड्यात दोन पहिल्या (सगळ्यात बारीक) तारा तुटल्या. तारा ०.००९ च्या सेटच्या (पहिली तार ०.००९ इंचाची) लावा, हात हलका ठेवा.

आधी नाणं आणि व्हॉल्यूम नॉब ट्राय करा, सोल्डरिंग नंतर.