नाशिकला पहिल्यांदा वाइन टेस्टिंगला जाताय?

पोटभर नको, पण काहीतरी खाऊन जा. त्या दिवशी अत्तर, सेंट लावू नका. शेजारच्यालाही वाइनचा वास कळत नाही.

एका वेळी 30 ते 50 मिली वाइन मिळते. ग्लास दांड्याला धरा, हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघा. आधी न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा. हा फरकच खरं शिकवतो. घोट तोंडभर फिरवून थुंकीपात्रात टाका. त्यात लाजण्यासारखं काही नाही, जाणकार तेच करतात. सगळी गिळलीत तर चौथ्या ग्लासानंतर चव लागत नाही.

आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग शेनिन ब्लाँ (पांढरी), शेवटी शिराझ (लाल). उलट केलंत तर शिराझच्या तुरटपणापुढे शेनिन पाणचट वाटते. पांढरी फार गार असेल (8 अंशांखाली) तर वास दबतो, थोडं थांबा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब आहे; मोकळेपणाने सांगा, बाटली बदलून मिळते.

टेस्टिंगला आलेल्या पाहुण्या तज्ज्ञांना ‘चांगली कुठली?’ विचारू नका. द्राक्षं कधी तोडली, वाइन ओक लाकडाच्या पिंपात किती महिने ठेवली, हे विचारा. आणि त्यांचं मत ऐकण्याआधी स्वतःचे दोन शब्द लिहून ठेवा, नाहीतर त्यांनी सांगितलेला पेरूचा वासच नाकात बसतो.