अर्धवट चित्र दाखवायची लाज

“माझ्यात आता चित्र उरलंच नाही, मॅडम.” समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत खुर्चीत नीट टेकायच्या आतच ती म्हणाली. सहा वर्षं घरून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारी ही बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). झोप उडालेली, ईमेलचा आवाज आला की पोटात गोळा. एका मुखपृष्ठाची अकरावी आवृत्ती सुरू होती आणि नाही म्हटलं तर काम हातचं जाईल ही धास्ती. फ्रीलान्स काम करणाऱ्यांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर जिभेवरच होतं: ठामपणे नाही म्हणायला शिका. बरं झालं, ते मी गिळलं.

त्याऐवजी तिला त्या कामाचा सगळा पत्रव्यवहार छापून आणायला सांगितला. पुढच्या भेटीत आम्ही कागद टेबलावर पसरले. क्लायंटने मागितलेल्या प्रत्येक बदलापुढे दोनच गोष्टी लिहायच्या होत्या: काय बदलायला सांगितलं, आणि तेव्हा चित्र किती झालं होतं. दुसऱ्या रकान्यात ती लिहीत गेली. “रंगवून पूर्ण.” “रंगवून पूर्ण.” सातव्या ओळीला पेन थांबलं.

“तुम्ही रफ कधी पाठवता?”

“नाही पाठवत.”

“का?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ते बघून वाटेल, हिला येत नाही.”

या धंद्याची रीत तिला माझ्याहून चांगली ठाऊक होती. आधी अंगठ्याएवढी स्केचेस, मग पेन्सिलचं रफ, ते मान्य झालं की रंग. रफमधला हत्ती डावीकडून उजवीकडे न्यायला दहा मिनिटं लागतात. रंगवलेला हत्ती हलवला की त्याची सावली, मागची झाडं, मजकुरासाठी सोडलेली जागा, सगळंच हलतं. त्यात मुलांची चित्रपुस्तकं बहुधा 32 पानांची, कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून 8 किंवा 16 पानं होतात आणि त्या पटीतच पुस्तक बसतं. नायिकेचा फ्रॉक शेवटी बदलायचा ठरला, तर ती जिथे जिथे आहे ते प्रत्येक पान पुन्हा उघडावं लागतं. क्लायंट छळतो, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मत द्यायची त्याची पहिली वेळच सगळं रंगवून झाल्यावर येत होती.

हे तिला सांगताना मी जपूनच होते. “म्हणजे चूक माझीच” हे वाक्य तिच्या ओठांवर कायम तयार असायचं. शाळेतही चित्र पुरं होईपर्यंत वही हाताने झाकून धरायची, असं तिने सहज सांगितलं. त्या हाताबद्दल आम्ही पुढच्या दोन भेटी बोललो.

गृहपाठ सोपा दिला होता: एका पानाचं रफ पाठवायचं. त्याला तीन आठवडे लागले! पहिल्या आठवड्यात तिने रफ इतकं घोटून स्वच्छ केलं की ते फायनलच झालं. दुसऱ्यात पाठवलंच नाही. शेवटी ईमेल आम्ही मिळून लिहिली: “ही फक्त रचना आहे, रंग आणि बारकावे नंतर येतील. कोण कुठे उभं आहे आणि मजकुराला जागा पुरते का, एवढं बघून कळवा.”

अटींचा विषय मी त्यानंतर काढला. रफवर बदलांच्या दोन फेऱ्या, रंगानंतर एक, पुढच्या फेऱ्यांचे वेगळे पैसे. निम्मं मानधन सुरुवातीलाच, आणि काम मध्येच थांबलं तर झालेल्या टप्प्याचा मोबदला. कामाच्या करारातली ‘सर्व हक्क’ द्यायची ओळ तर ती आजवर न वाचताच सही करत आली होती, कारण नोंदणी न केलेलं चित्र तसंही आपलं नसतं असा तिचा समज. 1886 च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही, एवढं मी सांगितलं आणि बाकीचं विचारायला वकिलाकडे धाडलं. ते माझं काम नव्हे.

पैशाचा आकडा बोलायचा सराव मात्र माझ्या खोलीतच झाला. मी क्लायंट. ती आकडा सांगायची आणि त्याच श्वासात, “पण बघू, कमीजास्त करता येईल.” मी काही बोलायच्या आतच! मग ठरवलं, आकडा सांगायचा आणि पाण्याचा घोट घ्यायचा. पहिल्या दिवशी तिने अख्खा ग्लास संपवला.

अटी वाचून एका जुन्या क्लायंटने उत्तरच दिलं नाही. ते काम गेलं, आणि तो महिना तिला जड गेला. या सल्ल्याची ही किंमत मी तिला आधी पुरेशी सांगितली नव्हती. तेवढी माझी चूक.

महिनाभराने तिचा निरोप आला. नव्या पुस्तकाच्या रफवर नऊ बदल आले होते. “तासभर रडले,” तिने लिहिलं होतं, “आणि बदल पाऊण तासात झाले.”