कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर प्रोग्रॅमिंग शिकायला कोणती भाषा घ्यावी: बेसिक, फोर्थ की थेट असेंब्ली (प्रोसेसरच्या स्वतःच्या सूचनांची भाषा)?

सुरुवात बेसिकनेच करा, पण तिथे फार रेंगाळू नका. मशीन चालू केलं की बेसिक समोर हजर असतं, काही लोड करावं लागत नाही. 'पोक ५३२८०,०' (इंग्रजीत POKE; मेमरीच्या दिलेल्या पत्त्यावर आकडा लिहिणारी आज्ञा) टाइप करून रिटर्न दाबा, स्क्रीनची कड लगेच काळी होते. हा आनंद पहिल्या दिवशी मिळायलाच हवा!

अडचण वेगाची. स्क्रीनवर ४० गुणिले २५, म्हणजे १००० चौकोन. बेसिकच्या लूपने (त्याच सूचना पुन्हापुन्हा चालवून) ते अक्षरांनी भरायला घेतलं, तर ओळीमागून ओळ भरताना डोळ्यांना दिसते, कारण प्रत्येक सूचनेचा अर्थ दरवेळी नव्याने लावला जातो. असेंब्लीत हेच काम पापणी लवायच्या आत होतं. शिवाय १९८२ च्या या मशीनच्या बेसिकमध्ये चित्रांसाठी आणि आवाजासाठी वेगळ्या आज्ञाच नाहीत, सगळं पोकनेच करायचं. म्हणजे मेमरीचे पत्ते तुम्ही नकळत शिकता, आणि असेंब्लीत तेच पत्ते जसेच्या तसे कामी येतात.

फोर्थ आटोपशीर आणि बेसिकपेक्षा बरंच वेगवान आहे, पण त्याची उलटी मांडणी (आधी आकडे, मग क्रिया) नवख्याला गोंधळात टाकते. गेम करायचा असेल तर मी बेसिकनंतर सरळ असेंब्लीच घेईन.