कुंडीत दुप्पट वाढ, शेतात काहीच नाही: जिवाणू खत खरंच चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निर्जंतुक केलेल्या मातीच्या कुंड्यांत मक्याला मिश्र जिवाणू संवर्धक दिलं. त्यात नत्र स्थिर करणारे जिवाणू होते, स्फुरद विरघळवणारे होते, मुळांशी जोडून राहणारी बुरशी म्हणजे मायकोरायझाही होता. रोपांचं वजन जवळपास दुप्पट भरलं. तेच पाकीट शेतात वापरलं तर काहीच फरक दिसला नाही. मग पाकीट बनावट होतं की प्रयोग चुकला, आणि शेतात मात्रा दुप्पट केली तर जमेल का?

माझं काम मृदा सूक्ष्मजीवशास्त्रातलं आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत समोर येतो. माझा अंदाज असा की पाकीट खरं आहे आणि कुंडीतलं वजनही खरं आहे. पण कुंडीत जी वाढ दिसली तिच्यातला बराच भाग जिवाणूंच्या कामाचा नसून तुम्ही मातीला जे केलंत त्याचा आहे.

आधी साधा हिशेब करू. एका एकराची वरची 15 सेंटीमीटर माती ढोबळमानाने 8 लाख किलो भरते. चांगल्या संवर्धकात एका ग्रॅममध्ये 10 कोटी जिवंत पेशी असतात असं धरा. एकरी एक किलो संवर्धक सगळ्या मातीत सारखं मिसळलं तर मातीच्या एका ग्रॅमच्या वाट्याला सव्वाशेच्या आसपास पेशी येतात. त्याच ग्रॅममध्ये आधीपासून राहणारे जिवाणू किमान 10 कोटी. म्हणजे एका पाहुण्यामागे 8 लाख स्थानिक, तेही तिथल्या मातीला सरावलेले आणि बहुतेक वेळ उपाशी. शिवाय जिवाणू खाऊन जगणारे प्रोटोझोआ असतात. बाहेरून आलेल्या जिवाणूंची संख्या काही आठवड्यांत घसरते ती बरीचशी त्यांच्यामुळे.

आता तुमची कुंडी. पाच किलो मातीत पाच ग्रॅम संवर्धक घातलं असेल तर एका ग्रॅम मातीत एक लाख पेशी झाल्या, शेताच्या सुमारे आठशेपट. आणि माती निर्जंतुक, म्हणजे स्पर्धकही नाहीत आणि खाणारेही नाहीत. अशा रिकाम्या घरात कोणीही फोफावेल.

पण माझ्या मते खरी गोम याहून पुढे आहे. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंशांवर माती तापवली की तिच्यातले सगळे सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांच्या पेशींतलं नत्र अमोनियमच्या रूपात मोकळं होतं. अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणूही मेलेले असल्यामुळे ते तसंच साचून राहतं. कित्येक मातींत मँगनीज इतकं सुटतं की कोवळी मुळं त्यानेच खुंटतात. आणि मातीत मूळचा जो मायकोरायझा होता तोही गेला. मग तुमच्या तुलनेच्या कुंडीत काय उरलं? बुरशीचा आधार काढून घेतलेला, कदाचित मँगनीजने त्रासलेला मका. त्याच्या शेजारी मायकोरायझा परत दिलेला मका दुप्पट दिसला तर ते संवर्धकाचं यश फारसं नाही. तुम्ही आधी जे काढून घेतलं तेच परत दिलंत. शेतात ती बुरशी आधीच मुळांवर होती.

दुसरी एक गोष्ट बऱ्याच प्रकल्पांत सुटते. संवर्धकाची भुकटी ही नुसती वाहक नसते. लिग्नाइट असो वा पीट, किंवा द्रवरूप संवर्धकातलं पोषक द्रावण, त्यात थोडं नत्र, थोडं स्फुरद आणि मेलेल्या पेशींचं सेंद्रिय द्रव्य असतंच. छोट्या कुंडीत तेवढंही जाणवू शकतं. म्हणून तुलनेच्या कुंडीला काहीच न देणं पुरेसं नाही. तिला तेच संवर्धक, तितकंच, पण तापवून मारलेलं द्यायला हवं. ही युक्ती फार जुनी आहे. 1886 साली जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्ट यांनी नत्र नसलेल्या वाळूत वाटाणा वाढवून दाखवला तो असाच. मातीचा अर्क घातला की वाटाणा सुधारायचा आणि तोच अर्क तापवून घातला की नाही. ओटला मात्र दोन्हींचा उपयोग नव्हता, त्याला जितकं नायट्रेट मिळेल तितकाच तो वाढे. द्विदल पिकाला हवेतलं नत्र मिळतं ते मातीतल्या कुठल्यातरी जिवंत गोष्टीमुळे, हे तिथे पक्कं झालं, आणि दोनच वर्षांनी बायरिंक यांनी अशा पिकांच्या मुळांवरच्या गाठींमधला जिवाणू वेगळा करून वाढवला.

तुमचं पीक मका आहे हेही इथे महत्त्वाचं, कारण जिवाणू खत या एका नावाखाली अगदी वेगळ्या ताकदीच्या गोष्टी विकल्या जातात.

सगळ्यात भरवशाचं रायझोबियम, म्हणजे मुळांवरच्या गाठींत राहून नत्र स्थिर करणारा जिवाणू, पण ते फक्त द्विदल पिकांना, आणि त्यातही पिकाचा नि जिवाणूचा जोड जुळायला हवा. सोयाबीन पूर्वी कधीच न घेतलेल्या जमिनीत पहिल्यांदा पेरलं तर योग्य ब्रॅडीरायझोबियम (सोयाबीनचा गाठींचा जिवाणू) लावलेलं आणि न लावलेलं यांतला फरक लांबून, पानांच्या रंगावरूनही ओळखू येतो. त्याच जमिनीत दरवर्षी सोयाबीन घेत असाल तर फरक बहुधा दिसणार नाही, कारण जिवाणू आधीच तिथे नांदताहेत. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. फुलोऱ्याच्या सुमारास झाड उपटू नका, खोदून काढा (उपटलं की गाठी मातीतच राहतात) आणि गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी लाल असेल तर ती काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. नत्र स्थिर करणारं विकर ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून झाड हे द्रव्य बनवून गाठीतला मोकळा ऑक्सिजन अगदी कमी ठेवतं. आतून पांढरी असेल तर ती अजून कोवळी आहे किंवा कुचकामी जिवाणूची आहे, हिरवट तपकिरी असेल तर संपलेली. आणि पेरणीला भरपूर नत्र दिलं असेल तर गाठी कमीच येतील. नायट्रेट आयतं मिळत असताना झाड भाड्याने कामगार ठेवत नाही.

मायकोरायझा दुसऱ्या क्रमांकावर. फ्रांक यांनी 1885 साली हे नाव दिलं. आपल्या पिकांत जी बुरशी चालते ती मुळाच्या पेशीत शिरते आणि बाहेर मातीत धागे पसरवून मुळाच्या केसांना न पोचणाऱ्या भोकांतलं स्फुरद आणते. कांद्यासारख्या, मुळांवर केस फारसे नसलेल्या पिकाला तिची गरज फार. कोबी, मोहरी, फ्लॉवर या कुळाला मात्र ती चालतच नाही, त्यामुळे मोहरीला मायकोरायझा विकणाऱ्याकडे जरा संशयानेच पाहा. जमिनीत स्फुरद मुबलक असेल तर झाड या बुरशीला फारसा थारा देत नाही, कारण तिला पोसायला झाडाला आपली साखर खर्च करावी लागते. निर्जंतुक माध्यमात वाढवलेल्या रोपांना, किंवा शेत बराच काळ पडीक अथवा पाण्याखाली राहिलं असेल तर, बाहेरून देण्यात अर्थ आहे. एरवी घरची बुरशी पुरते.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू म्हणजे पीएसबी. याबाबतीत मी जरा कोरडाच आहे. हे जिवाणू निवडले जातात ते बहुतेक पिकोव्हस्काया माध्यमावर (1948 पासून वापरात आहे). थाळीत दुधाळ ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं आणि वसाहतीभोवती ते विरघळून स्वच्छ वलय पडलं की जिवाणू पास. पण त्या थाळीत ग्लुकोज ओतलेलं असतं आणि जिवाणू त्यातूनच आम्ल बनवतो. मातीत एवढी साखर त्याला कोण देणार? मुळांजवळ थोडी मिळते, बाकी उपास. त्यातून जमीन चुनखडीची असेल तर जे काही आम्ल तयार होईल ते स्फुरदापर्यंत पोचायच्या आत चुनाच खाऊन टाकतो. ॲझोस्पिरिलम या मुळांजवळ राहून नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूचं वेगळंच आहे. त्याला नत्रासाठी विकलं जातं, पण मक्यात दिसणारा परिणाम मुख्यतः तो ऑक्सिनसारखी संप्रेरकं बनवून मुळांना फांद्या फोडायला लावतो त्याचा असतो. मुळं वाढली की पाणी आणि खत जास्त उचललं जातं. हा फायदा खरा आहे, पण लहान आणि बेभरवशाचा. तुमच्या पाकिटात मक्याच्या कामाचं जे आहे ते एवढंच.

म्हणून शेतात पहिला प्रश्न हा की पिकाची वाढ नेमकी कशामुळे अडली आहे. तिथे जिवाणूंहून मातीचा सामू (पीएच), हवा आणि सेंद्रिय कर्ब यांचं वजन कितीतरी जास्त पडतं. सामू साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं जाळतं. तिथे चुना द्यावा लागतो, रायझोबियमही त्याशिवाय नीट टिकत नाही. सामू साडेसातच्या वर चढला की स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं, लोह मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. चोपण जमिनीत, म्हणजे जिथे मातीच्या कणांवर सोडियम बसलेलं असतं, तिथे जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण नंतर ते सोडियम धुऊन न्यायला चांगलं पाणी आणि निचरा हवाच, नाहीतर ते तिथेच फिरत राहतं. जमीन नुसती क्षारपड असेल, सोडियमचा त्रास नसेल, तर जिप्समने काही साधत नाही. आम्लधर्मी जमिनीत चुन्याऐवजी जिप्सम टाकणारेही भेटतात. त्याने सामू वर चढत नाही.

आणि काड. गेल्या पिकाचं काड पेरणीच्या तोंडावर मातीत गाडलं असेल तर मका पिवळा पडण्याचं कारण बहुधा तेच. एक टन गव्हाच्या काडात साधारण 400 किलो कर्ब आणि 5 किलो नत्र असतं, म्हणजे गुणोत्तर 80 ला 1. जिवाणू त्यातल्या कर्बाचा एक तृतीयांश आपल्या शरीरात घेतात, सुमारे 130 किलो. त्यांच्या शरीराचं गुणोत्तर मात्र 8 ला 1 च्या आसपास, म्हणजे त्यांना 16 किलो नत्र हवं. काडात होतं पाचच, उरलेलं 11 किलो ते मातीतून उचलतात, आणि पिकाच्या आधी. पुढे हे जिवाणू मेले की नत्र परत मोकळं होतं, पण तोवर मक्याची नत्राची मोठी गरज उलटून गेलेली असते. शेणखत नीट कुजलेलं असावं असं जे सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे. काड लवकर गाडा किंवा सोबत थोडं नत्र द्या. ताजा लाकडी भुसा तर पिकाखालच्या मातीत मिसळूच नका, वर आच्छादन म्हणून चालेल.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. मातीतल्या भोकांपैकी साठेक टक्के पाण्याने भरलेली असताना जिवाणूंचं काम जोरात चालतं, म्हणजे ज्याला आपण वाफसा म्हणतो त्याच्या आसपास. माती चिबड झाली की ऑक्सिजन संपतो आणि काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नत्र वायू करून उडवून लावतात. तुमच्या कुंड्यांना रोज मोजून पाणी मिळत होतं, शेताला तसं मिळालं नसणार. उलट काळ्या कुंडीत उन्हाच्या बाजूची माती 40 अंशांच्या वर सहज जाते आणि तिकडची मुळं भाजतात, म्हणजे कुंडीलाही तिचे त्रास आहेतच.

प्रयोग पुन्हा करणार असाल तर माती निर्जंतुक करू नका. शेतातलीच ताजी माती चाळून घ्या, संवर्धकाची मात्रा शेताच्या प्रमाणात ठेवा, आणि तीन गट करा: जिवंत संवर्धक, तापवून मारलेलं तेच संवर्धक, आणि काहीच नाही. कुंड्यांच्या जागा दर काही दिवसांनी बदलत राहा. शेतात करायचं असेल तर अर्धं शेत असं आणि अर्धं तसं करू नका, दोन अर्ध्यांची माती कधीच सारखी नसते. आळीपाळीने पट्टे पाडा, प्रत्येक गटाचे किमान चार, आणि उंची मोजण्यापेक्षा वाळवून वजन करा. खताची मात्रा दोन पातळ्यांवर ठेवलीत तर आणखी चांगलं, कारण नत्र आणि स्फुरद पूर्ण दिलेल्या पट्ट्यात यातले बहुतेक जिवाणू निवांत बसतात.

राहिला मात्रेचा प्रश्न. दुप्पट केल्याने एका ग्रॅम मातीतल्या सव्वाशे पेशींच्या अडीचशे होतील, समोर दहा कोटी तसेच. त्यापेक्षा त्या कुठे पडतात ते बघा. 1904 साली हिल्टनर यांनी ज्याला रायझोस्फिअर म्हटलं तो मुळालगतचा मातीचा थर काही मिलिमीटरच जाडीचा असतो. शेतभर फेकलेलं संवर्धक तिथे जवळजवळ पोचतच नाही, बियाण्याला लावलेलं किंवा पेरणीच्या तासात बियाण्याजवळ सोडलेलं पोचतं. बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आणि कीटकनाशक आधी लावा, ते वाळू द्या आणि जिवाणू सगळ्यात शेवटी. मग बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा, कारण सुकलेल्या बियाण्यावर पेशी तासातासाला मरत असतात. आणि पाकिटावरची मुदत बघताना ते कुठे ठेवलं होतं हेही विचारा. उन्हाने तापलेल्या पत्र्याखालच्या गोदामात राहिलेलं असेल, तर त्याची मुदत संपली नसली तरी जिवाणू संपलेले असू शकतात.