थंडीत पहाटे जुनी डिझेल इंडिका सुरू होत नाही, पांढरा धूर येतो. इंजिनकाम काढावं लागेल का?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र करतो. २००६ ची इंडिका, १.४ लिटरचं बिनटर्बोचं डिझेल इंजिन, गाव निफाडजवळ. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच-सहा वेळा लांब सेल्फ मारावा लागतो, मागून पांढरा धूर येतो, सुरू झाल्यावर मिनिटभर गदागदा हलते आणि मग नीट चालते. दुपारी एका सेल्फमध्ये उचलते. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलू, शेजारी म्हणतात टाकीत थोडं रॉकेल घाला, आणि जानेवारीत तुम्हाला ती हिमाचलमधल्या काझाला न्यायची आहे.

इंजिन खोलू नका आणि रॉकेलही घालू नका. ही लक्षणं आधी हीटर प्लगकडे, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणाऱ्या विजेच्या कांड्यांकडे, बोट दाखवतात. चारपैकी एक-दोन प्लग गेलेले असावेत, किंवा चारही ठीक आहेत पण त्यांना करंट पोचत नाही. निफाडची थंडी महाराष्ट्रात कडक असली तरी तीन-चार अंश तापमान डिझेल इंजिनाला अजिबात जड नाही. धडधाकट इंडिका तेवढ्या थंडीत पहिल्या, फार तर दुसऱ्या सेल्फला सुरू व्हायलाच हवी.

काहीही उघडण्याआधी एक काम करा. पहाटे सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरपाशी उभं करा. पांढरा धूर आणि डिझेलचा उग्र वास येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाहीये. म्हणजे उष्णता कमी पडते. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाहीये. तेव्हा हीटर प्लग बदलून काही उपयोग नाही. आणि सेल्फच रडत, अडखळत फिरत असेल तर बाकी सगळं सोडून बॅटरी आणि केबल बघा. या तीन वाटा वेगळ्या आहेत, आणि बरेच पैसे चुकीच्या वाटेवर खर्च होतात.

तुमच्याकडे धूर आहे, म्हणून उष्णतेपासून सुरुवात. १४०५ सीसीचं हे इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे. डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या छोट्या कोठडीत फवारलं जातं. कॉम्प्रेशन २२ ला १ इतकं जास्त आहे, तरी या कोठडीच्या थंड भिंती दाबलेल्या हवेतली बरीच उष्णता खेचून घेतात. म्हणून अशा इंजिनात हीटर प्लग आपल्या हवेतही हवाच. शेजाऱ्याचा डायरेक्ट इंजेक्शनचा ट्रॅक्टर त्याच पहाटे हीटरशिवाय उचलतो, त्यावरून तुमचं इंजिन कमजोर ठरत नाही.

तपासणी घरीच होते. मल्टिमीटर बॅटरीवर लावा आणि इंजिन पूर्ण थंड असताना चावी फिरवून फक्त डॅशबोर्डवरचे दिवे लागू द्या, सेल्फ मारू नका. प्लग करंट ओढत असतील तर व्होल्टेज अर्धा-एक व्होल्ट खाली येतं आणि काही वेळाने रिले (प्लगांची वीज चालू-बंद करणारा स्विच) ‘टक्’ करून सुटला की परत वर चढतं. काहीच हललं नाही तर प्लगपर्यंत वीज जात नाही. मग प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर व्होल्टेज बघा. तिथे ११ च्या वर हवं. शून्य असेल तर रिले, त्याचा मोठा पट्टी-फ्यूज आणि जोडण्या तपासा. फ्यूजच्या स्क्रूखाली गंज साचलेला असणं अगदी नेहमीचं आहे.

पट्टीवर वीज येत असेल तर चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा, पट्टी सोडवा आणि प्रत्येक प्लगचं टोक ते इंजिन असा रोध मोजा. चांगला १२ व्होल्टचा प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करा, नाहीतर आकडा फसवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो प्लग मेला. पट्टी न काढता मोजू नका. चारही एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एक चांगला प्लग बाकीच्या तीन मेलेल्यांना झाकतो. बऱ्याच गॅरेजांत इथेच निदान चुकतं.

एक गेला असेल तरी चारही बदला, उरलेल्यांचं वय तेवढंच झालेलं असतं. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि इंजिन गरम असताना प्लग काढा. थंड इंजिनात जोर लावला तर प्लग मोडून टोक हेडमध्ये अडकतं, आणि मग खरोखर हेड उतरवावं लागतं. भोकातला कार्बन साफ करून नवा प्लग हाताने पूर्ण फिरवत बसवा. शेवटचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, साधारण १५ ते २० न्यूटन-मीटर. याहून जास्त ताकद नको. जुन्या प्लगांची टोकं फेकण्याआधी नीट बघा. फुगलेली असतील तर रिले चिकटून राहत असण्याची शक्यता आहे, म्हणजे इंजिन सुरू झाल्यावरही वीज बंद होत नाही. एखाद्याच प्लगचं टोक जळून झिजलेलं असेल तर त्या सिलिंडरचं नोझल (डिझेल फवारणारी तोटी) फवारा न मारता धार सोडतंय, ते पंपवाल्याकडे तपासून घ्या. तसं केलं नाही तर नवा प्लगही त्याच वाटेने जाईल.

आता बॅटरी. तुमचा सेल्फ जोरात फिरतो असं तुम्ही लिहिलंय, पण दुपारचा जोर आणि पहाटेचा जोर वेगळा असतो. थंडीत बॅटरीची ताकद बरीच उतरते आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्याने तिच्याकडून मागणी मात्र वाढते. पिस्टन हळू वर आला की दाबलेली हवा रिंगांमधून निसटायला आणि थंड व्हायला जास्त वेळ मिळतो, म्हणून मंद सेल्फवरही पांढरा धूर येऊ शकतो. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट असावी, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर ती थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. बॅटरी नवी असूनही सेल्फ मंद असेल तर इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती पट्टी किंवा तिचे बोल्ट गंजलेत. जुन्या गाड्यांत ही पट्टी कुणी बघतच नाही.

ऑइल १५डब्ल्यू-४० असू द्या. २०डब्ल्यू-४० भरलं असेल तर पुढच्या सर्व्हिसला बदला.

पहाटे गाडी सुरू करायची पद्धत अशी. दिवे, ब्लोअर, टेप बंद. चावी फिरवा, स्प्रिंगसारख्या खुणेचा दिवा विझेपर्यंत थांबा. दिवा विझला तरी प्लग बहुतेक काही सेकंद तापतच असतात, म्हणून आणखी तीन-चार सेकंद थांबायला हरकत नाही. फार थंडी असेल तर चावी बंद करून हेच पुन्हा एकदा करा. मग क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल घुसळायचं ओझं सेल्फवर येत नाही. तुमच्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत अॅक्सिलरेटर अर्धा दाबून स्थिर धरला तर मदत होते. पेट्रोल गाडीसारखा पंप करून काही मिळत नाही. कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या नव्या, कॉमन रेल गाडीत मात्र पाय लावायचाच नाही. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग अर्धा-एक मिनिट विश्रांती, आणि पुन्हा सुरुवात हीटरपासूनच. सुरू झाल्यावर रेस करू नका. अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवून हळू निघा आणि काटा वर येईपर्यंत २००० आरपीएमच्या आत चालवा.

हीटर प्लग ठीक निघाले आणि सुरुवातीचे काही सेकंद धूरच येत नसेल, तर डिझेल लाईन हवा धरते का ते बघा. रात्री कुठल्यातरी सैल जोडणीतून हवा आत शिरते, डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी पंप कोरडा असतो. सोपी परीक्षा: सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) कडक होईपर्यंत दाबा. मग गाडी पटकन उचलली तर दोष हवेचाच. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक डिझेल पाइप लावून बुडबुडे बघा, आणि टाकीपासून पुढे एकेक क्लिप, फिल्टरचा ओ-रिंग, तांब्याचे वॉशर, नोझलवरचे बारीक रिटर्न पाइप तपासत या. अशा लाईनला खूपदा बाहेर डिझेल गळताना दिसत नाही, कारण तिथे आतून ओढ असते. धूर अजिबातच नसेल तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेचा) चावी लावताना ‘टक्’ आवाज येतो का, तेही ऐका.

डिझेल गोठण्याबद्दल. भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, डिझेल फिल्टरमधून जाऊ शकेल त्या तापमानाची मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश आहे. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्येक डिझेल त्याच तापमानाला तुंबतं असं नाही. पण ट्रॅक्टरसाठी एप्रिल-मेमध्ये भरून ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल जानेवारीत गाडीत ओतू नका. थंडीत डिझेलमधलंच मेण गोठून फिल्टर तुंबू शकतो, आणि ड्रमच्या तळाशी पाणी असतंच. हिवाळ्यात पंपावरचं ताजं डिझेल घ्या, टाकी निम्म्याच्या वर ठेवा म्हणजे आत दव कमी धरेल, आणि थंडी सुरू होताना फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढा.

रॉकेलने डिझेल पातळ होतं हे खरं आहे, पण तुमचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. रॉकेलने तो झिजतो, आणि पंपाच्या कामाचं बिल चार हीटर प्लगांच्या कितीतरी पट येतं. इथरचा स्प्रे तर हीटर प्लगच्या इंजिनात कधीच मारू नका. तो तापलेल्या प्लगवर अवेळी पेटतो आणि रिंगा, पिस्टन फोडतो. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं हा त्याच जातीचा उपाय, त्यात वर आगीचा धोका. धक्का मारूनही सुरू करू नका. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे; जुना बेल्ट झटक्याने दात सोडू शकतो.

आणखी एक गोष्ट आवर्जून बघा. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची वाईट सवय आहे. तो नसेल तर हिवाळ्यात इंजिन अर्धा तास चालूनही नीट तापत नाही, धूर रेंगाळतो, अॅव्हरेज पडतं आणि नोझलवर कार्बन चढतो. दहा-पंधरा मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा खालीच असेल तर नवा थर्मोस्टॅट बसवा.

हे सगळं करूनही तक्रार उरली, तरच कॉम्प्रेशनकडे वळा, आणि तेही मोजून. डिझेलचा गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या. अशा इंजिनात निरोगी आकडा साधारण ४०० पीएसआयच्या आसपास असतो. ३०० च्या खाली किंवा एकाच सिलिंडरमध्ये मोठी तफावत असेल तर मेकॅनिकचं म्हणणं बरोबर. त्याआधी टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) गॅप आणि पंपाचं टायमिंग बघायला सांगा. घट्ट टॅपेट आणि मागे पडलेलं टायमिंग दोन्ही असाच पांढरा धूर देतात. गरम झाल्यावरही धूर पांढराच राहिला, त्याला गोडसर वास आला आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केट.

काझाची गोष्ट वेगळी आहे. जानेवारीत मनालीकडून कुंझुमचा रस्ता बंद असतो, तुम्हाला शिमला-किन्नौरमार्गे जावं लागेल. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. विरळ हवेत कॉम्प्रेशनची उष्णताही कमी मिळते, म्हणून तिथे चारही हीटर प्लग आणि बॅटरी निर्दोष हवीच. महाराष्ट्रातलं डिझेल टाकीत घेऊन वर चढू नका. किन्नौरमध्ये शिरताना टाकी शक्य तितकी रिकामी करून तिथल्या पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते याच अडचणीवरचं उत्तर होतं. मेण रोखणारं औषध डिझेल पातळ असतानाच टाकायचं असतं, मेण धरल्यावर त्याचा उपयोग नाही. आणि रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल, जसं आपल्याकडच्या कित्येक जुन्या गाड्यांत असतं, तर घर सोडण्याआधी सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. इथिलिन ग्लायकॉलचं हे मिश्रण उणे ३५ च्या आसपासपर्यंत टिकतं. नुसतं पाणी काझाला एका रात्रीत गोठून ब्लॉकला तडा देऊ शकतं.